दीर्घ सागरप्रवासाची लहान शिडनौका

दीर्घ सागरप्रवासाची लहान शिडनौका म्हणजे एक ते चार माणसांना घेऊन, मुख्यत्वे वाऱ्याच्या बळावर, किनाऱ्याची मदत न घेता आठवडेच्या आठवडे खुल्या समुद्रात राहू शकणारी नौका होय. अशा नौकांची लांबी सर्वसाधारणपणे २८ ते ४० फूट असते. शर्यतीच्या नौकेत वेगाला आणि सहलीच्या नौकेत सोयींना प्राधान्य मिळते. दीर्घ प्रवासाच्या नौकेत मात्र बळकटपणा, स्थैर्य, सामान वाहण्याची क्षमता आणि एकट्यादुकट्याला हाताळता येण्याजोगी रचना या गोष्टी आधी पाहिल्या जातात. या प्रकारातील जगप्रसिद्ध नौका ‘सुहैली’ ही मुंबईत बांधली गेली. तिच्याच आराखड्यावरची ‘थुरिया’ तसेच आकाराने मोठ्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौका गोव्यात बांधल्या गेल्या. त्यामुळे नौकेच्या निवडीचा हा विषय महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील उदाहरणांवरूनच पुष्कळसा समजून घेता येतो.

संज्ञा

इंग्रजीतील ‘याट’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर श्रीमंतांची पांढरीशुभ्र विलासनौका उभी राहते. प्रस्तुत लेखातील नौका त्या जातीची नाही. मचवा, पडाव, शिबाड, बतेला, गुराब, गलबत, तारू असे नौकांचे भेद मराठीत पूर्वापार आहेत. त्यांपैकी ‘गलबत’ हा शब्द आज कोणत्याही जहाजाला सरसकट लावला जातो. मूळात ते वल्ही आणि शिडे दोन्ही असलेल्या एका विशिष्ट चपळ नौकेचे नाव होते. नौकेच्या पुढील टोकास नाळ, शिडे पेलणाऱ्या खांबास डोलकाठी, वरील फळ्यांच्या पृष्ठास तूतक आणि नौका तोलावी म्हणून तळाशी भरलेल्या वजनास नीरम म्हणतात. हे शब्द कोळीवाड्यांबाहेर आता फारसे ऐकू येत नाहीत. तरी अर्थ नेमकेपणाने सांगण्यासाठी ते पुरेसे आहेत, म्हणून येथे तेच वापरले आहेत.

ठाणे-कल्याणची पार्श्वभूमी

उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण हे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून ज्ञात असलेले बंदर आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नोंद आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून जिंकून घेतल्यावर येथील खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. आरंभीच्या या कामात पोर्तुगीज कारागिरांचाही सहभाग होता. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला हा मराठी आरमाराच्या या प्रारंभाशी निगडित मानला जातो.

मराठी आरमारातील नौकांचे वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. त्यानुसार गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात फार थोडी बुडणारी असे. गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे आणि त्यास ४० ते ५० वल्ही असत. कमी बुडणाऱ्या तळामुळे या नौका खाड्यांत खोलवर शिरत. मंद वाऱ्यात वल्ह्यांच्या बळावर त्या मोठ्या जहाजांना गाठीत आणि शत्रूचे जड जहाज पाठलागावर आले की उथळ पाण्यात निसटून जात. समोरून येणाऱ्या मोठ्या लाटांत मात्र गुराबेची पुढे झुकलेली नाळ जोराने खाली-वर आपटे, असेही ऑर्म नमूद करतो.

निवडीच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. गुराब किंवा गलबत ही सदोष नौका नव्हती. खाडी आणि किनारा यांच्यासाठी ती अत्यंत योग्य होती. परंतु जो उथळ तळ कल्याणच्या खाडीत गुण ठरतो, तोच भर समुद्रात दोष ठरू शकतो. नौका चांगली की वाईट हा प्रश्न ती कोणत्या पाण्यासाठी बांधली आहे हे ठरल्याशिवाय विचारता येत नाही.

सुहैली

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६०च्या दशकात मुंबईतील कुलाबा येथे ‘सुहैली’ बांधून घेतली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. आराखडा अमेरिकन नौकारचनाकार विल्यम ॲटकिन याच्या ‘एरिक’ या नौकेचा होता; तो स्वतः कॉलिन आर्चर याच्या नॉर्वेतील बचावनौकांवर आधारलेला. मागविला होता तो आराखडा हा नव्हता, पण जो हाती आला तो स्वीकारून काम सुरू झाले, ही गोष्ट नौकेच्या पुढील कीर्तीकडे पाहता गमतीची वाटते. सुहैलीची लांबी ३२ फूट, रुंदी सुमारे ११ फूट, लाकूड सागवानी आणि शिडांची रचना दोन डोलकाठ्यांची, म्हणजे केच प्रकारची. सुतारांनी तासणी आणि हाताने फिरवायचे सामते अशा पारंपरिक हत्यारांनी ती घडविली. इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी जे नाव देतात, तेच नौकेला दिले गेले.

१४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ येथून नॉक्स-जॉन्स्टन एकटाच निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तेथेच परतला. एकट्याने विनाथांबा केलेली ही पहिली प्रदक्षिणा होय. ‘गोल्डन ग्लोब’ या शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटास गेला तो हा एकच.

सुहैली वेगवान नव्हती. सुमारे ३०,००० सागरी मैलांना ३१२ दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम ९६ मैल. ताशी सरासरी चार नॉट. ती निर्दोषही नव्हती. प्रवासाच्या आरंभीच तळाच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा समुद्रात बुड्या मारून त्याला ते सांधे बुजवावे लागले. पुढे पिण्याचे पाणी दूषित झाले, बिनतारी संच बंद पडला आणि ऑस्ट्रेलियाजवळ स्वयंसुकाणू मोडले. तरीही प्रवास चालू राहिला, कारण यांतील प्रत्येक बिघाड नौकेवरील साधनांनी आणि एका माणसाच्या हातांनी दुरुस्त करता येण्याजोगा किंवा त्याविना भागविता येण्याजोगा होता. स्वयंसुकाणू गेल्यावर त्याने शिडांचा समतोल असा साधला की नौका पुष्कळ वेळ आपली दिशा आपणच धरून राहत असे. लांब तळकण्याच्या जड नौकेलाच हे सहज साधते.

याच शर्यतीत चे ब्लाइथ आणि जॉन रिजवे हे दोघे किनाऱ्यालगतच्या कौटुंबिक सहलींसाठी बांधलेल्या, दोन बगली कण्यांच्या ३० फुटी नौका घेऊन निघाले होते. दोघेही धाडसी, १९६६ मध्ये त्यांनी मिळून वल्ह्यांच्या होडीने अटलांटिक ओलांडला होता. पण दोघांनाही अर्ध्या वाटेत माघार घ्यावी लागली. नायजेल टेटली याची तीन तळांची ‘व्हिक्ट्रेस’ प्रदक्षिणा जवळजवळ पूर्ण करून अखेरच्या टप्प्यात अटलांटिकमध्ये मोडून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्ट याची तशीच तीन तळांची नौका घाईघाईने, अर्धवट तयारीत निघाली. दक्षिण महासागरात ती टिकणार नाही हे उमगल्यावर तो अटलांटिकमध्येच रेंगाळत खोट्या जागा कळवीत राहिला आणि अखेरीस त्याचा अंत झाला. अनुपयुक्त नौका माणसाला कोठवर नेऊ शकते याचे इतके विदारक उदाहरण सागरी इतिहासात क्वचितच सापडेल.

तळकणा आणि बांधा

नौकेच्या तळाशी लांबीभर असणारा कणा तिला वाऱ्याने आडवे घसरू देत नाही, आणि त्यातील किंवा त्याखालील नीरम तिला उभी ठेवते. आधुनिक नौकांत याचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला पूर्ण तळकणा: तो नौकेच्या बहुतेक लांबीभर असून सुकाणू त्याच्याच मागील कडेला बसविलेले असते. दुसरा परकणा, म्हणजे माशाच्या पराप्रमाणे मध्यभागी खाली उतरणारा अरुंद, खोल कणा. यात सुकाणू मागे स्वतंत्र असते.

परकण्याची नौका चपळ असते, वाऱ्याच्या दिशेकडे अधिक जवळून जाते आणि धक्क्याला लावताना चटकन वळते. पूर्ण तळकण्याची नौका संथ असते. मागे घेताना तर ती कोणाचे ऐकत नाही. पण ती सरळ रेषेत चालते. तरंगता ओंडका किंवा मासेमारीचे जाळे आडवे आले तर तिच्या सुकाणूला कण्याचे संरक्षण मिळते, आणि खडकावर घासली तरी कणा उखडण्याची भीती नसते. किनाऱ्यापासून हजार मैलांवर सुकाणू गमावणे म्हणजे काय हे ज्याने मनात आणले, तो सहसा संथपणाबद्दल तक्रार करीत नाही. २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ३२ ते ३६ फूट लांबीच्या, १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, पूर्ण तळकण्याच्या आणि कण्याला जोडलेल्या सुकाणूच्या नौकांनाच प्रवेश देण्यात आला.

आपल्या खाड्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. मुंबई-ठाणे परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो आणि ओहोटीला गाळाची विस्तीर्ण पात्रे उघडी पडतात. पाच-साडेपाच फूट बुडणारी नौका तेथे एका कुशीवर आडवी होते. दोन बगली कण्यांची नौका अशा ठिकाणी दोन पायांवर उभी राहावी तशी गाळात सरळ उभी राहते. खाडीतच नांगरून अधूनमधून किनाऱ्याने फिरणाऱ्यास ती सोयीची.

स्थैर्याची गणिते

नौका किती अंशांपर्यंत कलली तरी आपोआप सरळ होते, त्या मर्यादेस स्थैर्यलोपाचा कोन म्हणतात. खुल्या महासागरासाठी तो किमान १२० अंश असावा असे सर्वसाधारणपणे मानतात. हा कोन कमी असलेली रुंद, हलकी नौका एकदा पालथी झाली की तशीच स्थिर राहण्याचा धोका असतो.

आराखड्याचे तपशील हाती नसतील तर एक सोपे सूत्र उपयोगी पडते. नौकेचे वजन पौंडांत घेऊन त्यास ६४ ने भागावे, आलेल्या संख्येचे घनमूळ काढावे आणि फुटांतील रुंदीला त्या घनमुळाने भागावे. उत्तर २ पेक्षा कमी आले तर नौका या कसोटीस उतरली. उदाहरणार्थ, ‘एरिक’ घराण्यातील १९७०च्या दशकातील अमेरिकन ‘वेस्टसेल ३२’ या नौकेचे वजन १९,५०० पौंड आणि रुंदी ११ फूट. १९,५०० भागिले ६४ म्हणजे सुमारे ३०५. त्याचे घनमूळ ६.७३, आणि ११ भागिले ६.७३ म्हणजे १.६३. हे सूत्र नीरम कोठे आहे हे पाहत नाही, म्हणून ते केवळ प्राथमिक चाळणी समजावे.

वेगाचेही असेच सूत्र आहे. पाण्याच्या रेषेवरील लांबीच्या वर्गमुळास १.३४ ने गुणले की जड बांध्याच्या नौकेची नॉटमधील वेगमर्यादा मिळते. वरील नौकेची ही लांबी २७.५ फूट, म्हणून वेगमर्यादा सुमारे ७ नॉट. लांबी वाढली की वेग वाढतो, तो असा.

युरोपात विकल्या जाणाऱ्या नौकांना अ, ब, क, ड असे चार वर्ग दिलेले असतात. त्यांपैकी ‘अ’ वर्ग बोफर्ट मापाच्या ८ अंकाहून अधिक वारा आणि ४ मीटरहून उंच लाटा गृहीत धरतो. या शिक्क्यामुळे अनेकांची समजूत होते की नौकेची परीक्षा झालीच आहे. तसे नव्हे, देखभालीअभावी ‘अ’ वर्गाची नौकाही खाडीबाहेर नेण्याच्या लायकीची राहत नाही.

बांधणीचे साहित्य

सागवान हे नौकेसाठीचे उत्तम लाकूड समजले जाते. ते पाण्यात टिकते, त्यातील तेलामुळे कीड कमी लागते आणि पश्चिम किनाऱ्यावर त्यात काम करणाऱ्या कारागिरांची परंपरा मोठी आहे. परंतु उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे कृमी सर्व लाकडांना छळतात. सांधे वेळोवेळी कापूस वा काथ्या ठोकून आणि राळ भरून बुजवावे लागतात. पोलाद ठोकर सोसते आणि जगातील कोणत्याही बंदरात जोडता येते. गंज हा त्याचा शत्रू, आणि तो बहुधा आतून लागतो. काचतंतूच्या नौका आज संख्येने सर्वाधिक आहेत. १९६० व १९७०च्या दशकांत बांधलेल्या नौकांचे कवच पुष्कळदा गरजेहून जाड असे, आणि म्हणूनच कमी पैशांत प्रवासनौका शोधणारे जुन्या नौकांकडे वळतात. काचतंतूत पाणी झिरपून फोड येतात, पण ते बहुतेक वेळा दुरुस्त होतात. लाकडी पट्ट्यांवर काचतंतू व इपॉक्सी चढविण्याची संमिश्र पद्धतही आहे. ‘म्हादेई’ याच पद्धतीने बांधली गेली.

शिडे आणि स्वयंसुकाणू

एका डोलकाठीच्या, पुढे एक शीड असलेल्या नौकेस स्लूप, पुढे दोन शिडे असल्यास कटर आणि मागे दुसरी आखूड डोलकाठी असल्यास केच म्हणतात. स्लूप सर्वांत साधी. केचमध्ये एकूण शीड अनेक लहान तुकड्यांत विभागलेले असते, त्यामुळे एकट्या माणसाला प्रत्येक शीड पेलते. वादळात मधले मोठे शीड उतरवून पुढच्या-मागच्या छोट्या शिडांवर नौका तोलता येते. खर्च आणि दोरखंड मात्र दुप्पट.

एका माणसाने चोवीस तास सुकाणू धरणे अशक्य आहे. म्हणून वाऱ्याच्या दिशेवर चालणारे यांत्रिक स्वयंसुकाणू दीर्घ प्रवासात जवळजवळ आवश्यक असते. विजेवरील स्वयंसुकाणू सोयीचे खरे, पण वीज संपली की ते निरुपयोगी.

आकार: म्हादेई आणि तारिणी

भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ या उपक्रमामागील प्रेरणा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची होती. त्यासाठी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. मांडवी नदीचे वरच्या भागातील नाव तिने घेतले आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, चार ठिकाणी थांबत, मे २०१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी याच नौकेने २०१२-१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा केली. तिची धाकटी बहीण म्हणता येईल अशा ‘तारिणी’वर सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात, आणि दिलना के. व रूपा ए. या दोघींनी २०२४-२५ मध्ये प्रदक्षिणा केली.

छप्पन्न फुटी नौका एकट्याला झेपत असेल, तर लहान नौकेचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न येथे पडतो. उत्तर असे की त्या नौकेमागे प्रशिक्षण, बंदरांतील मदत आणि दुरुस्तीची सोय यांसह अख्खे नौदल उभे होते. खाजगी माणसाला शिडांचा ताण स्वतःच्या बाहूंनी आणि दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून सोसावा लागतो. नौकेची लांबी दुप्पट झाली तर वजन दुपटीने नव्हे, अनेक पटींनी वाढते; तोच नियम नांगर, दोरखंड, शिडे आणि बंदरशुल्क यांना लागू पडतो. भारतीय लष्करातील अभियंत्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये ‘तृष्णा’ या नौकेतून प्रदक्षिणा केली, ती केवळ ३७ फुटांची होती.

लहानपणालाही मर्यादा आहे. एका माणसास पिण्या-रांधण्यासाठी दिवसाला ४ लिटर पाणी धरले तर दोघांच्या ६० दिवसांच्या प्रवासाला ४८० लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा टन पाणीच लागते. त्यावर अन्न, इंधन, अवजारे, सुटे भाग. हलकी नौका एवढ्या वजनाने पाण्यात खाली बसते आणि तिचे सगळे गुण हरवते. २८ फुटांखालील नौकांनीही महासागर ओलांडले आहेत, पण त्यासाठी संन्याशाची राहणी पत्करावी लागते.

थुरियाचा अपघात

२०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी अभिलाष टॉमी यांच्याकरिता गोव्यातील त्याच कारखान्यात सुहैलीची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधण्यात आली. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधून शर्यत सुरू झाली. २१ सप्टेंबर रोजी, ऑस्ट्रेलियातील पर्थच्या नैर्ऋत्येस सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने नौका आडवी केली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. हालचाल अशक्य झालेल्या अवस्थेत ते तीन दिवस नौकेतच पडून होते. २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्या आराखड्याने माणसाला सुखरूप घरी आणले, त्याच आराखड्याची नौका या खेपेस हरली. आराखडा अभयदान देत नाही. तथापि डोलकाठी गेलेली, मोडतोड झालेली ती नौका तीन दिवस तरंगत राहिली, आणि सुटका करणाऱ्यांना तिच्यात जिवंत माणूस सापडला. टॉमी यांनी पुढे २०२२ च्या शर्यतीत ‘रस्लर ३६’ जातीच्या पूर्ण तळकण्याच्या नौकेतून भाग घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळविला.

जुनी नौका घेताना

बहुतेक खाजगी प्रवासनौका वापरलेल्या स्थितीतच विकत घेतल्या जातात. नौका पाण्याबाहेर काढून, तळ उघडा करून, त्रयस्थ जाणकाराकडून तपासून घेणे हा खर्च टाळू नये. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा साधारणतः दहा ते पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात. त्या तारा ज्या धातुपट्ट्यांना अडकविलेल्या असतात त्या तूतकाखाली लपलेल्या जागी कुजतात, म्हणून तेथे मुद्दाम पाहावे. कणा बोल्टांनी जोडलेला असेल तर ते बोल्ट, तळातून जाणाऱ्या नळांच्या झडपा, सुकाणूचा दांडा आणि इंजिनाचा पाया यांची तपासणी आधी. गाद्या, पडदे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे नंतर. विक्रेता मात्र नेमक्या उलट क्रमाने नौका दाखवितो. हाती असलेली सर्व रक्कम खरेदीत न घालविता दुरुस्तीसाठी मोठा वाटा बाजूस ठेवणे इष्ट.

ऋतू आणि किनारा

अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे जोराने वाहतात. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होड्या पुन्हा लोटतो, आणि राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. चक्रीवादळांचा धोका मोसमापूर्वी मे-जूनमध्ये आणि मोसमानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अधिक. अरबस्तान वा आफ्रिकेकडे जाण्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा ईशान्य वाऱ्यांचा काळ प्राचीन व्यापाऱ्यांपासून वापरात आहे. सुहैलीनेही १९६५च्या डिसेंबरातच मुंबई सोडली.

ठाणे-कल्याणच्या रहिवाशाला आज आपल्या गावच्या खाडीतून अशा प्रवासास निघणे जवळजवळ अशक्य आहे. वसईच्या मुखापासून घोडबंदर, मुंब्रा, डोंबिवलीचे मोठागाव ते कल्याणपर्यंत खाडीवर रेल्वेचे आणि रस्त्यांचे पूल झाले आहेत. दीर्घ प्रवासाच्या नौकेची उंच डोलकाठी त्यांखालून जात नाही. गाळानेही पात्र उथळ झाले आहे. मुंबईत शिडनौका शिकण्याच्या सोयी कुलाब्याच्या बाजूस आहेत, तर नौदलाचे सागरी शिडप्रवासाचे केंद्र गोव्यात मांडवीच्या काठी आहे.

सुहैलीची पुढील हकिकत

प्रदक्षिणेनंतर अनेक वर्षे वापरात राहिलेली सुहैली १९९०च्या दशकात ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसून सांधे उघडू लागले. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले, दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात सोडले.